चाकूचे नाव, भट्टीचे गाव

आम्हांला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या खिशात नेहमी एक घडीचा चाकू असे. लाकडी मूठ, बोटभर लांबीचे पाते, पांढरकवड्याच्या बाजारातून घेतलेला. त्या चाकूने सर पेन्सिलीला टोक करीत, जास्वंदीचे फूल उभे चिरून आतली रचना दाखवीत, वायरीचे वेष्टन सोलीत आणि मधल्या सुट्टीत पेरूच्या फोडीही करीत. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले की शाल-श्रीफळ देण्यापेक्षा सरांना एक उत्तम चाकू द्यावा. वर्गणी बऱ्यापैकी जमली. संशोधनाच्या निमित्ताने आमचा धातूंशी रोजचा संबंध, म्हणून निवडीचे काम आमच्याकडे आले.

काम सोपे वाटले होते, पण तसे ते निघाले नाही. एकाच मापाचे, दिसायला सारखेच चाकू काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत होते. त्यांतला सर्वांत देखणा चाकू बहुतेकांना पसंत पडला. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती आणि खाली लिहिले होते : ‘अस्सल दमास्कस पोलाद’. एका मित्राने विचारले, “दमास्कस म्हणजे सीरियातलेच ना? तिथून इथपर्यंत आले, म्हणजे महाग असणारच!”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही दमास्कसला नव्हे, तर पांढरकवड्याहून एका सकाळच्या प्रवासात गाठता येईल अशा ठिकाणी जाऊन पोचलो. ती हकीकत इथे सांगायची आहे. चाकू कसा निवडावा, हेही तिच्यातूनच कळते.

घडी कशासाठी?

आधी चाकूकडे नीट पाहू. घडीच्या चाकूचे मुख्य भाग तीन : पाते, मूठ आणि दोघांना जोडणारी खीळ. पाते मुठीत मिटले की धारही सुरक्षित आणि खिसाही सुरक्षित. ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालस्टाट येथे हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू सापडला आहे, तो इ. स. पू. ६०० ते ५०० या काळातला. रोमन लोकही असे चाकू वापरत.

या रचनेत एक अडचण आहे. पाते जसे उघडते तसे ते काम करताना अचानक मिटूही शकते, आणि मिटताना बोटावर येते. त्यामुळे घडीच्या चाकूचा बराचसा इतिहास हा पाते उघडे राखण्याच्या युक्त्यांचा इतिहास आहे. आधी मुठीच्या पाठीत स्प्रिंगची पट्टी आली. ती पात्याला दाबून धरते, पण कुलूप लावत नाही. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९०च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. त्याच्या मानेवर फिरणारी कडी १९५५मध्ये बसवण्यात आली. कडी फिरवली की पाते मिटत नाही. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर याने १८९१मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७मध्ये अनेक हत्यारे एका मुठीत बसवलेला चाकू नोंदवला. १९८१मध्ये अमेरिकेत खिशाला अडकवायची चाप आणि एका हाताने उघडण्यासाठी पात्याला गोल भोक असलेला चाकू बाजारात आला. आजच्या बहुतेक महाग चाकूंची घडण यांपैकी कुठल्या ना कुठल्या वाटेने आली आहे.

पण खीळ, कडी, चाप हे सगळे पात्यासाठी असते. पाते चांगले नसेल तर बाकीच्याला अर्थ नाही. आणि पाते म्हणजे पोलाद.

नरम लोखंड आणि तिखे

विदर्भात लोखंड फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी १९७८ ते १९८० या काळात केलेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इ. स. पू. ७००च्या सुमाराची आहे. यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने २०२३-२४मध्ये उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे आपल्या पायांखालच्या मातीत लोहारकामाची तीन हजार वर्षे आहेत.

पण भट्टीतून निघणारे लोखंड म्हणजे पोलाद नव्हे. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सियसला वितळते. कोळसा आणि हातभाता यांवर चालणाऱ्या जुन्या भट्टीत ते वितळत नसे. मळीने भरलेला स्पंजासारखा गोळा हाती येई. तो घणाने ठोकून मळी बाहेर काढावी लागे. अशा लोखंडात कार्बन अगदी थोडा असतो, म्हणून ते नरम राहते. त्याचा खिळा होईल, कडी होईल, पण धार लावली तर दोन दिवसांत मुडपते. कार्बन जास्त झाला, तीन-चार टक्क्यांवर गेला, तर होते बीड. ते कठीण असते, पण पडले की फुटते. चाकूला लागते ते या दोहोंच्या मधले : साधारण अर्धा ते दीड टक्का कार्बन असलेले लोखंड. तेच पोलाद.

आपल्या पूर्वजांना कार्बन ठाऊक नव्हता, पण फरक ठाऊक होता. संस्कृत रसग्रंथांत लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या ‘तीक्ष्ण’पासून मराठीत ‘तिखे’ हा शब्द आला. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ पोलाद असाच दिला आहे. आज हा शब्द कोणी वापरत नाही. आपण म्हणतो ‘पोलाद’, आणि तो शब्द फारसीतला आहे. ‘चाकू’ हाही त्याच बाजूने आला. वस्तू आपल्याकडची आणि नाव गिऱ्हाइकाच्या भाषेतले, असे कसे झाले? पुढच्या भागात ते कळेल.

दमास्कसचे पोलाद कुठले?

दमास्कसच्या तलवारींची युरोपात मोठी ख्याती होती. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, धार तीव्र आणि टिकाऊ. युरोपीय लोकांनी ही पाती पश्चिम आशियात पाहिली, तिथल्या बाजारांत विकत घेतली आणि तिथल्या शहराचे नाव त्यांना चिकटवले. पण त्यातली उत्तम पाती ज्या पोलादाची होती त्याच्या वड्या भारतातून आणि श्रीलंकेतून जात. पश्चिम आशियातले कारागीर त्या वड्या ठोकून तलवारी घडवीत. म्हणजे ‘दमास्कस’ हे नाव बाजाराचे होते, भट्टीचे नव्हते.

आता भट्टीचे गाव पाहू. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्याची जी माहिती अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवली, तिच्यात आपले कळंब आहे, माहूर आहे, आणि त्याच सुभ्यातल्या तेलंगण भागातील इंदूर व निर्मळ येथे पोलादाच्या खाणी असल्याचेही लिहिले आहे. हे इंदूर म्हणजे आजचे निजामाबाद. निर्मळ तर आपल्या शेजारचेच. पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघालो, पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडली, की आदिलाबाद आणि मग निर्मळ. वाटेत मराठी ऐकू येत राहते.

निर्मळच्या दक्षिणेला गोदावरीपलीकडे कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथल्या पोलादाचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन हेन्री व्हॉयसी या माणसाने केले. व्हॉयसी हा कर्नल लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तुकडीतला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ. लॅम्बटनचा मृत्यू आपल्या शेजारच्या हिंगणघाटला १८२३मध्ये झाला. पुढच्याच वर्षी व्हॉयसीही गेला. त्याची टिपणे १८३२मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली गेली.

ती टिपणे वाचताना लोहारांच्या नेमकेपणाचे आश्चर्य वाटते. ते दोन ठिकाणचे, दोन वेगळ्या खनिजांपासून केलेले लोखंड घेत. एक काळ्या लोहवाळूपासूनचे आणि दुसरे दगडी खनिजापासूनचे. त्यांचे प्रमाण तीनास दोन. हे तुकडे मातीच्या मुशीत घालून तोंड मातीने लिंपून बंद करीत आणि भट्टीत चोवीस तास सतत भाता चालवीत. मूस थंड झाल्यावर फोडली की आत पोलादाची वडी मिळे. ती फार कठीण असल्यामुळे पुन्हा मंद आचेवर तापवून थोडी नरम करीत. दक्षिणेत म्हैसूर-सेलमकडे अशाच मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचे लाकूड आणि हिरवी पाने घालीत. आपल्या माळावर पिवळी फुले येणारा तरवड तोच. बंद मुशीत त्याचा कोळसा होई आणि त्यातला कार्बन लोखंडात मुरे.

इथे एक सुंदर विज्ञान आहे. लोखंडात कार्बन मुरला की त्याचा द्रवणांक खाली येतो. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले पोलाद शुद्ध लोखंडापेक्षा सुमारे शंभर अंश आधीच पूर्ण वितळते. म्हणजे जी भट्टी शुद्ध लोखंड वितळवू शकत नाही, तीच भट्टी कार्बन मुरलेले लोखंड वितळवू शकते. वितळले की मळी वर तरंगते आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो. घणाने ठोकून जे साधत नसे ते मुशीत आपोआप साधे. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली ती १७४०च्या दशकात. आपल्याकडे त्याआधी शेकडो वर्षे हे चालू होते.

कोनासमुद्रमचे गिऱ्हाईक

व्हॉयसीच्या टिपणात आम्हांला सर्वांत आवडलेली गोष्ट भट्टीची नाही, गिऱ्हाइकाची आहे. कोनासमुद्रमला त्याला एक इराणी व्यापारी भेटला. हाजी हुसेन, राहणार इस्फहान. पोलाद घेण्यासाठी तो समुद्र ओलांडून आणि पुढे मैलोगणती प्रवास करून या गावी आला होता. त्याने बंदरावरच्या दलालाकडून माल घेतला नाही. लोखंडाचे दोन प्रकार तोलताना तो स्वतः हजर असे आणि तयार वड्यांची परीक्षाही स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेई. या गावाचे नाव आणि इथली कृती इस्फहानमध्ये सर्वांना माहीत आहे, तिथे तसे पोलाद करण्याचे प्रयत्न झाले, पण जमले नाही, असे त्याने व्हॉयसीला सांगितले.

विचार करा. इराणात ज्याची तलवार होणार त्या पोलादासाठी हा माणूस भट्टीपर्यंत आला, कारण त्याला नाव विकत घ्यायचे नव्हते, गुण विकत घ्यायचा होता. आणि गुण फक्त परीक्षेनेच कळतो. ‘पोलाद’ हा फारसी शब्द आपल्याकडे कोणत्या वाटेने आला असेल, हेही यावरून दिसते. अशाच गिऱ्हाइकांच्या तोंडून.

दुःखाची गोष्ट एवढीच की त्या गिऱ्हाइकाचे नाव इतिहासात राहिले, मुशी भरणाऱ्या लोहारांची नावे राहिली नाहीत.

मुंबईचे पोलाद, लंडनचा चाकू

आता खिशातल्या चाकूकडे परत येऊ. १७९४च्या सुमारास मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाच्या काही वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवल्या. त्यांचे रासायनिक परीक्षण जॉर्ज पिअर्सन याने केले आणि १७९५मध्ये सोसायटीपुढे निबंध वाचला. निबंधाच्या नावातच ‘मुंबईत तयार होणारे, तिथे वूट्झ म्हटले जाणारे पोलाद’ अशा अर्थाचे शब्द आहेत. यातही दोन घोटाळे झाले. एक म्हणजे मुंबई हे पाठवणीचे बंदर. भट्ट्या दख्खनच्या आत आणि दक्षिणेत. दुसरे म्हणजे ‘वूट्झ’ हा शब्द आपल्या कुठल्याच भाषेत नाही. कन्नड-तेलुगूतल्या ‘उक्कु’ या शब्दाचे ऐकण्यात किंवा लिहिण्यात ते रूप झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुन्हा तेच : नाव बंदराचे, नाव चुकून ऐकलेले, भट्टीचे गाव कुठेच नाही.

पण पिअर्सनने एक फार चांगली गोष्ट केली. केवळ पृथक्करणावर न थांबता ते पोलाद जेम्स स्टोडार्ट या लंडनमधल्या चाकू-शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याने बँक्सच्या सांगण्यावरून त्यातल्या एका तुकड्याचा चाकू घडवला. तलवार नव्हे, बाण नव्हे, पिसाची लेखणी तासायचा लहानसा चाकू! घडवताना त्रास फार झाला. जरा जास्त तापले की हे पोलाद ठोकताना चिरते. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याच्याकडे १७२२च्या सुमारास असे पोलाद आले होते, तेव्हा ते घडवू शकणारा कारागीर त्याला पॅरिसमध्ये मिळाला नव्हता. स्टोडार्टने मात्र आच मंद ठेवून काम साधले. चाकू उत्तम इंग्रजी पोलादाच्या चाकूइतका तर कापेच. पण हे पोलाद अधिक बारीक आणि टिकाऊ धार धरील, शस्त्रक्रियेच्या हत्यारांना फार उपयोगी पडेल, असे मत त्याने दिले. पुढे कित्येक वर्षे तुलना करून पाहिल्यावर त्याने आपल्या दुकानाच्या पत्रिकेवरच छापले, की आपण भारतीय पोलाद युरोपच्या उत्तम पोलादापेक्षा पसंत करतो.

याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडेने काम केले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. विजेवरच्या प्रसिद्ध प्रयोगांआधी, १८१९ ते १८२२ या काळात, त्याने वूट्झचे पृथक्करण केले, मग स्टोडार्टबरोबर पोलादात निकेल, क्रोमियम, चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळून पाहिले. मिश्र पोलादाच्या शास्त्राची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी : फॅरडेचा निष्कर्ष चुकला होता! वूट्झचा गुण त्यातल्या ॲल्युमिनियममुळे आहे असे त्याला वाटले. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआंने लवकरच दाखवले की खरे कारण कार्बन. चुकीच्या समजुतीतूनही चांगले प्रयोग घडतात, ते असे.

पात्याच्या आत

पोलादाला दोन गुण हवेत आणि ते एकमेकांशी भांडतात. एक कठिणपणा, म्हणजे धार झिजू नये. दुसरा चिवटपणा, म्हणजे धार तुटू नये. लालभडक तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले, लोहाराच्या भाषेत पाणी पाजले, की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात आणि पोलाद अतिशय कठीण पण ठिसूळ होते. मग ते पुन्हा थोडे तापवले की कठिणपणा किंचित उतरतो आणि चिवटपणा येतो. सगळी कला हे ‘थोडे’ किती, यात आहे.

हे वर्गात करून पाहता येते. करवतीचे जुने ब्लेड घ्या. मात्र ते पूर्ण कार्बन पोलादाचे, साधे असावे. त्याचा तुकडा शिक्षकांनी स्वतः, डोळ्यांना चष्मा लावून, चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवावा आणि पाण्यात बुडवावा. जाड फडक्यात गुंडाळून वाकवला तर तो काचेसारखा तुटतो. दुसरा तुकडा तसाच लाल तापवून, बुडवून, पॉलिश कागदाने चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवावा. पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि निळा रंग चढतो. निळ्यावर थांबवलेला तुकडा स्प्रिंगसारखा वाकतो. पिवळ्यावर थांबलो तर चाकू, निळ्यावर थांबलो तर स्प्रिंग. एकच पोलाद, फरक फक्त आचेचा.

वूट्झमध्ये याखेरीज आणखी काही होते. त्यातला कार्बन साधारण दीड टक्का. एवढा कार्बन लोखंडात मावत नाही. उरलेला लोहकार्बाइडचे अतिकठीण कण बनून बाहेर पडतो. हे कण ओळींनी जमले की त्या ओळी नक्षी म्हणून दिसतात. ते ओळींनीच का जमतात, याचे उत्तर १९९८मध्ये मिळाले. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि फ्लोरिडातले लोहार आल्फ्रेड पेंडरे यांनी एकत्र प्रयोग करून दाखवले, की खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारखे धातू, तेही ०.०१ टक्क्यापेक्षा कमी, हे घडवून आणतात. दोन ठिकाणचे लोखंड तीनास दोन घेण्याचा कोनासमुद्रमचा आग्रह यावरून वेगळ्याच प्रकाशात दिसतो. खनिज बदलले की नक्षी गेली! शास्त्रज्ञ आणि लोहार या दोघांची नावे एका शोधनिबंधावर आली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आजच्या महाग चाकूंकडे पाहा. २००१मध्ये अमेरिकेत खास चाकूंसाठी तयार झालेल्या एस३०व्ही या पोलादात कार्बन १.४५ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि व्हॅनेडियम ४ टक्के असते. वितळलेल्या पोलादाचा वायूच्या झोताने फवारा करून त्याची भुकटी करतात, म्हणजे प्रत्येक थेंब चटकन थिजतो आणि कार्बाइडचे कण बारीक राहतात. मग ती भुकटी उष्णता आणि दाब देऊन एकसंध करतात. पद्धत संपूर्ण नवी. पण कार्बनचे प्रमाण जवळजवळ तेच, कठीण कणांनी धार टिकवण्याची युक्ती तीच, आणि मदतीला धातूही तोच, व्हॅनेडियम.

मग त्या भट्ट्या का विझल्या? १८५६नंतर बेसेमरच्या आणि पुढे सीमेन्सच्या पद्धतीने पोलाद टनावारी निघू लागले. वडीवारी निघणारे पोलाद किमतीत टिकले नाही. जंगलावर सरकारी निर्बंध आले, कोळसा महागला. तलवारींचे दिवसही संपले. कृती हातातून हातात जात होती, कागदावर नव्हती. त्यामुळे हात थांबले तेव्हा कृतीही थांबली. हे नुकसान आपल्याला परवडले नाही, आणि त्याचे एक कारण असे की ज्यांना लिहिता येत होते त्यांना मुशीजवळ बसावेसे वाटले नाही.

मग चाकू कोणता?

पुन्हा आमच्या वर्गणीकडे. त्या ‘अस्सल दमास्कस’ चाकूचे पोलाद कोनासमुद्रमच्या जातीचे नव्हतेच. आज या नावाने विकली जाणारी बहुतेक पाती दोन वेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून, दुमडून आणि आम्लाने उठाव देऊन केलेली असतात. ही कारागिरी खरी आहे, जुनीही आहे, पण ती वेगळी गोष्ट. काही स्वस्त पात्यांवर तर नक्षी फक्त वरून उमटवलेली असते. बारीक पॉलिश कागदाने घासली की जाते आणि सौम्य फेरिक क्लोराइड लावले तरी परत येत नाही. थरांची नक्षी परत येते.

हाजी हुसेनप्रमाणे आम्हांला भट्टीपर्यंत जाता आले नाही, पण त्याचे प्रश्न विचारता आले. ते असे :

१. पोलादाची जात लिहिलेली आहे का? नुसते ‘स्टेनलेस’ किंवा ‘दमास्कस’ हे उत्तर नव्हे. १९१३मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने गंज न चढणारे पोलाद केले, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या चाकूंची ‘न कापणारे चाकू’ म्हणून थट्टा झाली होती. गंज न चढणे आणि धार धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. कठिणपणा किती? रॉकवेल सी मापावर खिशातल्या चाकूंचे आकडे साधारण ५६ ते ६२ असतात. ५६चे पाते लवकर बोथट होते, पण साध्या दगडावर पाच मिनिटांत धार चढते. ६०-६१चे पाते फार दिवस चालते, पण घरच्या सहाणेला दाद देत नाही. हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो. जास्त आकडा म्हणजे चांगला चाकू असे नाही. धार कोण लावणार आहे, यावर ते अवलंबून.

३. पाते उघडून बाजूने हलवून पाहा. खिळीत ढिलेपणा नको. कुलूप लावून पात्याच्या पाठीवर दाब द्या. ते मिटता कामा नये.

४. पाते धारेमागे किती जाड आहे? जाड पाते दणकट दिसते, पण पेरू कापत नाही, फोडते.

५. कायदा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेली हत्यारे शस्त्रांत गणली जातात. खिशातला चाकू त्याच्या कितीतरी आत असावा. तीन इंच पुष्कळ झाले. आणि तो विमानात, सभा-मिरवणुकीत नेऊ नये. विद्यार्थ्यांनी शाळेत आणू नये.

या प्रश्नांवर नक्षीचा चाकू पहिल्याच पायरीला बाद झाला. विक्रेत्याला आम्ही पोलादाची जात विचारली, तर त्याने नक्षीच दाखवली. भुकटीच्या पोलादाचा एक चाकू फार मनात भरला होता, पण सरांकडे धार लावायला आहे ती घरामागची सहाण. शेवटी आम्ही मध्यम कठिणपणाचा, लाकडी मुठीचा, मानेवर कडी असलेला साधा चाकू घेतला. वर्गणीतले बरेच पैसे उरले. त्यांतून शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एक चांगली ऐरण, दोन चिमटे, चष्मे आणि करवतीच्या ब्लेडचा गठ्ठा घेतला.

सरांनी चाकू उघडला, पाते दोन बोटांत धरून हलवून पाहिले, कडी फिरवून पाठीवर दाब दिला. आम्ही न सांगताच. मग खिशातून पेन्सिल काढून तिला टोक केले आणि ते टोक उजेडात धरून पाहिले.

“धार बरी आहे,” सर म्हणाले. “बाकीचं महिन्याभरानं सांगतो.”